ऐन एप्रिलात हडपसर ते पंढरपूर सायकलवर: तयारी, कागदपत्रं आणि ऊन

मागच्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या एप्रिलमध्ये २६ आणि २७ तारखेला, आम्ही सोसायटीतल्या पाच जणी हडपसरहून पंढरपूरला सायकलने गेलो. माउलींच्या पालखीचा रस्ता धरला, दिवे घाट, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर करत, साधारण दोनशे किलोमीटर. त्या निमित्ताने नातेपुत्यापासून आतल्या भागातल्या एका शाळेच्या मुलींसाठी सायकलींचे पैसे जमवले. यंदा परत दोन-तीन ग्रुपनी विचारलं की उन्हाचं कसं केलंत, पैसे कुठल्या खात्यात घेतले, पोलिसांची परवानगी लागते का, म्हणून एकदाच सगळं क्रमाने लिहून ठेवते.

एप्रिलच का, हा पहिला प्रश्न सगळ्यांचाच असतो. आमच्या घरी आईंनी (सासूबाईंनी) पण हेच विचारलं, अगं डिसेंबरात जा की, थंडीत. पण शाळा जूनच्या मध्यावर उघडते, सायकली डीलरकडे खोक्यात सुट्या येतात, जोडून घ्यायला वेळ लागतो, म्हणजे पैसे मेच्या पहिल्या आठवड्यात हातात हवेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्यातल्या दोघी शिक्षिका, त्यांच्या परीक्षा आणि पेपर तपासणी. शिवाय फलटणच्या पुढे सगळा उसाचा पट्टा, हंगाम चालू असताना दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्ताभर असतात, पहाटेच्या अंधारात त्यांच्या मागे लाल दिवा असेलच असं नाही. एप्रिल संपेपर्यंत बहुतेक साखर कारखान्यांचा पट्टा पडलेला असतो, म्हणजे गाळप संपलेलं असतं. म्हणजे ऊन की ट्रॉल्या, यातलं एक निवडायचं होतं, आणि उन्हाची तयारी आपल्या हातात असते.

सुरुवात जानेवारीत संक्रांतीच्या आसपास झाली. शाळेच्या मुख्याध्यापक सरांशी फोनवर बोलले तेव्हा त्यांनी सांगितलं की वस्त्यांवरून शाळा पाच-सहा किलोमीटर पडते, एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक, शाळा सुटल्यावर मुली फाट्यावर बसून राहतात, आणि आठवी-नववीत आल्यावर घरचे म्हणतात आता पुरे. सरांनी चोवीस मुलींची यादी पाठवली. मी फलटणच्या एका होलसेल दुकानात चौकशी केली तर लेडीज सायकल, कॅरिअर, स्टँड, कुलूप आणि पुढची जाळी धरून ५,६०० रुपये. चोवीस गुणिले ५,६००, म्हणजे १,३४,४०० रुपये. हा आमचा आकडा ठरला.

इथे पहिली मोठी शिकवण मिळाली ती आमच्या बिल्डिंगमधल्या सीए काकांकडून. आम्ही म्हटलं होतं की माझ्याच जीपे नंबरवर पैसे घेऊ आणि मग एकरकमी शाळेला देऊ. काकांनी एका वाक्यात बंद केलं, "स्वतःच्या खात्यात एक रुपया घेऊ नका." कारण एक तर तो पैसा तुमच्या खात्यात आला की तुमच्याकडे हिशोब मागितला जाऊ शकतो, दुसरं म्हणजे देणाऱ्याला ८०जीची पावती (तेव्हाच्या आयकर कायद्यातलं कलम, देणगीवर करसवलत देणारं) मिळत नाही, आणि तिसरं, महाराष्ट्रात नोंदणी नसलेल्या लोकांनी धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणपती मंडळं दरवर्षी घेतात तीच. ज्या संस्थेची शाळा आहे ती नोंदणीकृत न्यास आहे, ८०जी आहे, मग पैसे थेट संस्थेच्या खात्यात जाऊ देत आणि तुम्ही फक्त सायकल चालवा आणि लोकांना सांगा.

तर मग संस्थेकडून काय काय लागतं त्याची यादी काकांनीच करून दिली. नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, १२ए (संस्थेची आयकरातली नोंदणी) आणि ८०जीची ऑर्डर (ती मुदतीची असते, संपलेली नाही ना ते बघायचं), पॅन, कॅन्सल चेक, बँकेचा क्यूआर कोड, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आम्हाला हे आवाहन करायला संस्थेची मान्यता आहे असं लेटरहेडवर पत्र. त्या पत्रासाठी विश्वस्त मंडळाचा ठराव लागतो आणि मंडळाची मीटिंग फेब्रुवारीच्या शेवटी होती, म्हणजे जवळजवळ दीड महिना नुसती वाट बघण्यात गेला. त्या काळात मला फार घालमेल व्हायची, की आपण पाय तयार करतोय आणि कागदच नाही आला तर. तुम्ही करणार असाल तर मीटिंगची तारीख आधी विचारा आणि त्यावरून उलटं मोजत या. पत्र १ मार्चला व्हॉट्सॲपवर आलं आणि मूळ प्रत पोस्टाने नंतर.

पैसे जमवायचं काम पायडल मारण्यापेक्षा दमवणारं आहे, हे आधीच माहीत असलेलं बरं. लोक पैसे देतात, मनापासून देतात. पण पावतीसाठी नाव, पत्ता, पॅन लागतो आणि ते मागताना दमछाक होते. आम्ही गूगल फॉर्म केला, त्यात रक्कम, तारीख, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, पॅन. पॅन द्यायला लोक कचरतात आणि ते साहजिक आहे, म्हणून फॉर्म संस्थेच्याच ईमेलवरून बनवून घेतला आणि पॅनचा रकाना आम्हाला कुणाला दिसणार नाही अशी सोय केली. रोख २,००० च्या वर दिली तर ८०जी मिळत नाही, आणि नवीन कर प्रणाली घेतली असेल तर ८०जीचा फायदाच नाही, या दोन गोष्टी मेसेजमध्येच लिहिल्या, त्यामुळे नंतरचे निम्मे फोन वाचले. अजून एक, ३१ मार्चच्या आत दिलेले पैसे त्या आर्थिक वर्षात धरले जातात आणि १०बीई प्रमाणपत्र (करसवलतीसाठी लागणारं देणगीचं प्रमाणपत्र) संस्थेने पुढच्या ३१ मेपर्यंत द्यायचं होतं. म्हणजे मार्चमध्ये ज्यांनी दिले त्यांना दोन-अडीच महिन्यांत मिळालं, आणि एप्रिलमध्ये ज्यांनी दिले त्यांना अजून यायचंय. हे आधी सांगून टाका. आम्ही सांगितलं होतं तरी माझे मोठे दीर दर महिन्याला विचारतात.

परदेशातल्या नातेवाइकांचा विषय वेगळा. माझी मामेबहीण न्यू जर्सीला असते, तिकडचं नागरिकत्व घेतलेलं, तिने लगेच म्हटलं मी पाच सायकली देते. तर ते घेता आलं नाही. परदेशी नागरिकाकडून, मग तो ओसीआय कार्डवाला (मूळ भारतीय वंशाचा) का असेना, देणगी घ्यायला संस्थेची एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी लागते, ती या संस्थेची नाही. पण दुबईतल्या भाचीकडे भारतीय पासपोर्ट आहे, तिचे पैसे बँकेतून रीतसर आले तर चालतात. बहिणीला नाही म्हणताना जिवावर आलं. तिला वाईट वाटलं, पण नियम समजावल्यावर तिने समजून घेतलं. असा फोन आला तर आधी पासपोर्ट विचारा, रक्कम नंतर.

आणि एक गोष्ट आम्ही पहिल्या दिवसापासून स्पष्ट ठेवली, की आमचा खर्च आमचा. गाडी, राहणं, खाणं, सर्व्हिसिंग, टीशर्टसुद्धा. देणगीतला एकही पैसा राइडला लागणार नाही हे मेसेजच्या पहिल्या ओळीत होतं.

पोलिसांचं सांगते. आम्ही पाच जणी, ना बॅनर, ना स्पीकर, ना रस्ता अडवणं. पोलीस स्टेशनला विचारलं तर परवानगी लागत नाही पण माहितीचं पत्र देऊन ठेवा म्हणाले. पत्रात तारीख, वेळ, मार्ग, सगळ्यांची नावं, वय, रक्तगट, घरच्यांचे नंबर, सोबतच्या गाडीचा नंबर. दोन प्रती न्यायच्या, एकीवर आवकचा शिक्का घ्यायचा. एका ठिकाणी हे पत्र घ्यायला कुणी तयारच होईना, साहेब नाहीत, उद्या या, असं बरेच दिवस चाललं, शेवटी ईमेल केला आणि त्याची प्रिंट जवळ ठेवली. तुम्ही मोठा ग्रुप नेत असाल, झेंडे लावून, गावातून फेरी काढत, तर मात्र रीतसर परवानगीच घ्या आणि महिनाभर आधी अर्ज टाका.

फेब्रुवारीतच सगळ्यांनी तपासण्या केल्या. रक्त, शुगर, हिमोग्लोबिन, ईसीजी, बीपी, मिळून २,४०० च्या आसपास गेले. दोघींचं हिमोग्लोबिन कमी निघालं. अजून एकीची बीपीची गोळी होती, त्यात लघवी वाढवणारं औषध होतं, डॉक्टर म्हणाले उन्हात घामाने पाणी जाणार आणि वरून हे, त्यांनी गोळी बदलून दिली आणि तीन आठवडे बघितलं. सर्दीच्या काही गोळ्यांनी पण घाम कमी होतो. कुठलीही रोजची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना "उन्हात सायकल चालवणार आहे" हे शब्द वापरून सांगा, नुसतं "सायकलिंग करते" म्हणून भागत नाही.

पाय तयार करणं हे त्या मानाने सरळ होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये रविवारी पहाटे दिवे घाट चढून सासवड, मग जेजुरी, मग नीरा असं वाढवत गेलो, मधल्या दिवशी एक-एक तास. यावर भरपूर लिहिलेलं सापडतं म्हणून जास्त लिहीत नाही. ज्यावर कमी सापडलं ते म्हणजे ऊन.

पहाटे सराव करून शंभर किलोमीटर निघतात म्हणून दहा वाजताच्या उन्हात पन्नास निघतील असं समजू नका, शरीर वेगळंच वागतं. उन्हाची सवय शरीराला साधारण दहा ते चौदा दिवसांत होते, ती रोज थोडं थोडं उन्हात राहून करावी लागते, आणि सोडली तर दोन-चार आठवड्यांत उतरते. सवय झाली म्हणजे काय होतं, तर घाम लवकर सुटायला लागतो, जास्त येतो, त्यात मीठ कमी जातं, आणि रक्तातलं पाणी वाढल्यामुळे त्याच वेगाला छाती कमी धडधडते. आम्ही पाडव्यानंतर (३० मार्चला होता) हे चालू केलं. पहिल्या दिवशी फक्त वीस मिनिटं, सकाळी साडेदहाला, सपाट रस्त्यावर, गप्पा मारता येतील इतक्या हळू. मग हळूहळू वाढवत तासभर, शेवटी दीड तास. ज्यांना ऑफिसमुळे जमत नव्हतं त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत टोपी घालून चालल्या. आणि एसीतून थेट उन्हात नाही, दहा मिनिटं सावलीत थांबून. शेवटचा आठवडा हलकं केलं पण ऊन सोडलं नाही.

या सरावात आम्ही प्रत्येकीने आपला घाम मोजला. सोपं आहे. निघताना कमीत कमी कपड्यांत वजन करायचं, आल्यावर अंग कोरडं करून परत करायचं, मधे काय प्यायलं ते धरायचं, एक किलो म्हणजे एक लिटर. माझं ५८.६ वरून ५७.५ झालं, मधे ७५० मिली प्यायले होते, म्हणजे दीड तासात १.८५ लिटर घाम, तासाला सव्वा लिटरच्या जवळ. एक मैत्रीण माझ्याहून जाड पण तिचा तासाला पाऊण लिटरच. म्हणजे "तासाला एक बाटली" हा सरसकट नियम दोघींना लागू होत नाही. गेलेलं सगळं तेव्हाच भरून काढायचं नसतं, पोट घेत नाही, मी तासाला ७००-८०० मिली धरलं आणि बाकी मुक्कामावर. आणि जेवढा घाम जातो त्यापेक्षा जास्त नुसतं पाणी पिणं हेही धोक्याचं, रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणसाला वाटतं पाणी कमी पडलं म्हणून तो अजून पितो.

मिठाचं म्हणाल तर आम्ही ओआरएसची पाकिटं घेतली, डब्ल्यूएचओच्या सूत्राची, एक पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं टाकायचं नाही. दुकानात मिळणारे टेट्रापॅक सगळेच ओआरएस नसतात, बऱ्याचशांत साखरच जास्त, नंतर २०२५ च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयने (अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) अशा पेयांच्या नावात ओआरएस वापरायला बंदी घातली. पाकीट नसेल तर एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मला तीन तासांनंतर गोड नकोसं होतं, तिथे ताक आणि लिंबू-मीठ कामी आलं. खायला गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, केळी, खजूर, आणि घरून नेलेले दहीभाताचे डबे पहिल्या दिवसापुरते. रसवंतीचा रस प्यायलो पण बर्फाशिवाय.

आता बायकांसाठी मुद्दाम. उन्हात बायकांना त्रास का होतो, याचं एक मोठं कारण म्हणजे आपण पाणीच पीत नाही. वाटेत संडास-बाथरूम कुठे असेल, कसं असेल, त्यापेक्षा नको प्यायला, ही सवय शाळेपासून लागलेली असते. माझी पण. ट्रेनिंगमध्ये बघितलं तर पाच जणींपैकी चार जणी पहिले दोन तास बाटलीला हातच लावत नव्हत्या. म्हणून एका रविवारी आम्ही गाडीने सगळा मार्ग फिरलो आणि पंधरा-वीस किलोमीटरवर एक अशी जागा नक्की केली, पेट्रोल पंप, हॉटेल, एका गावात तर एका काकूंचं घर. पंपावर आधी विचारून ठेवलं, पहाटे पाचला कुलूप असतं का, किल्ली कुणाकडे. ही यादी सगळ्यांच्या फोनमध्ये होती आणि प्रत्येक थांब्यावर जायचंच, लघवी आली नाही असं वाटलं तरी, आणि तिचा रंग बघायचा, गडद पिवळा असेल तर अर्धा तास थांबून पाणी. पाळीची तारीख एकीची त्याच दोन दिवसांत होती, तिने डॉक्टरांना विचारून ठरवलं आणि सोबतच्या गाडीत कापडी पडदा लावून घेतला. हे लिहायला संकोच वाटत होता पण हेच कुणी लिहीत नाही आणि हेच सगळ्यात जास्त लागतं.

सायकलीचं थोडक्यात. सर्व्हिसिंग १,२००, नवीन टायरची जोडी १,८००. फलटणच्या पुढे रस्त्याकडेला बाभळी, काटे वाऱ्याने रस्त्यावर येतात, म्हणून टायरमध्ये लायनर पट्टी टाकली. चिकटपट्टीचे पॅच तापलेल्या ट्यूबवर टिकले नाहीत, दोन-दोन नवीन ट्यूब आणि सोल्यूशनवाला किट न्या. हवा कमाल भरून सायकल उन्हात उभी करू नका. पुढे-मागे दिवे, रिफ्लेक्टर जॅकेट, हेल्मेट हे सांगायला नकोच. कपडे पूर्ण बाह्यांचे, फिक्या रंगाचे, सैलसर. आणि बाटलीवर ओला सुती मोजा चढवा! देशावरच्या कोरड्या हवेत हे फार छान चालतं, ट्रकला टांगलेल्या छागलीसारखं (पाण्याची जाड कापडी पिशवी), पाणी झिरपून सुकतं आणि आतलं गार राहतं. नुसत्या बाटलीतलं पाणी साडेनऊलाच चहाइतकं गरम झालेलं असतं आणि गरम पाणी कुणी पीत नाही.

सोबतची गाडी म्हणजे ओळखीच्या मामांचा पिकअप, दोन दिवस, डिझेल आणि परतीची भाडंवजा वाहतूक धरून ११,००० रुपये. त्यात पाण्याचे वीस लिटरचे जार, थर्माकोलच्या खोक्यात बर्फ (प्यायला नाही, पंचे भिजवायला), प्रथमोपचाराची पेटी, एक फोल्डिंग खाट. मामांना आम्ही उष्माघाताची लक्षणं सांगून ठेवली होती आणि १०८ कधी लावायचा ते पण. माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला, की आधी गार करायचं, ओतायचं पाणी, वारा घालायचा, आणि त्याच वेळी फोन. पाणी पाजायच्या फंदात पडायचं नाही.

हवामान खात्याचा इशारा आम्ही आठवडाभर रोज बघत होतो. ठरवलं होतं की आमच्या मार्गावरच्या जिल्ह्यांना ऑरेंज अलर्ट आला तर राइड पुढे, आणि हे देणगीदारांच्या मेसेजमध्ये पण लिहिलं होतं. ते लिहिल्यामुळे मनावरचं केवढं ओझं उतरलं! लोकांनी पैसे दिलेत म्हणून जायलाच पाहिजे, या विचारानेच माणूस नको तिथे पुढे जातो.

२६ ला शनिवारी पहाटे साडेतीनला हडपसर सोडलं. दिवे घाट अंधारात, गाडी मागे ब्लिंकर लावून, वर पोचलो तेव्हा चांगला गार वारा होता. सासवडला चहा, जेजुरीला उजाडलं, खाली रस्त्यावरून गडाला हात जोडले आणि पुढे. वाल्हे, नीरा इथपर्यंत काहीच जाणवलं नाही. कोरड्या उन्हाचं हेच असतं, घाम लगेच उडून जातो, अंग कोरडंच लागतं, वाटतं आपल्याला घाम येतच नाहीये. मग मी हेल्मेटचा काळा पट्टा बघितला, त्यावर मिठाची पांढरी किनार धरलेली, नखाने खरवडली तर पडत होती.

लोणंदच्या पुढे तरडगावच्या अलीकडे, नऊ-सव्वानऊ वाजता, आमच्यातली सगळ्यात बोलकी मैत्रीण गप्प झाली. मी बाजूला गेले तर तिच्या हातावर काटा आलेला, ३७-३८ अंशांत. विचारलं तर म्हणाली थंडी वाजतेय जराशी, डोकं जड झालंय. आमचा नियम होता की दोन लक्षणं दिसली की गाडीत, चर्चा नाही, आणि हे ठरवणार दुसरी, जिला होतंय ती नाही. तिला लिंबाखाली खाटेवर घेतलं, बूट-मोजे काढले, पाय उशीवर, गळ्यावर, काखेत, मांड्यांवर ओले पंचे, दोघी ओढणीने वारा घालत होतो, आणि नीट बोलतेय बघून घोट-घोट ओआरएस. ती रडली, अगं माझ्यामुळे थांबलात, शाळेच्या पोरी काय म्हणतील. तिची मोठी जाऊ पण आमच्यातच आहे, ती म्हणाली, गप पड, पोरींना तू धडधाकट हवीयेस. अर्ध्या-पाऊण तासात बरं वाटलं. फलटणला डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी दोन दिवस उन्हात सायकल नको सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी तिने गाडीत बसून पाण्याचं सगळं खातं सांभाळलं. आमच्या फोटोत ती पाचवी आहेच.

फलटणला आम्ही पावणेअकराला पोचलो. लॉज आधीच बुक होता पण खोली बाराला मिळेल म्हणाले, अर्धा तास विनवण्या करून ती लवकर मिळवली. ऐन उन्हात रिसेप्शनवर बसून राहणं हे सायकलपेक्षा जास्त दमवतं, म्हणून लवकरच्या चेकइनचं आधीच बोलून लेखी घ्या. १,४०० रुपये खोली, आम्ही दोन घेतल्या. जेवण, झोप, संध्याकाळी सायकली पुसून चेनला तेल, आठला निजलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला फलटण सोडलं. नातेपुत्याला सव्वासहाला पोचलो तर सर आणि दहा-बारा मुली, काहींचे आईवडील, फाट्यावर उभे. रविवार असून, सुट्टी असून. पोह्यांचं मोठं पातेलं आणि माठातलं पाणी. एका मुलीने माझी सायकल मागितली, सीट तिला उंच होती, तरी ती शाळेच्या रस्त्याने लांबपर्यंत जाऊन आली आणि मला विचारलं, गिअर नसला तर चढाला जोर किती लागतो. मी म्हटलं लागतो थोडा. ती म्हणाली, आमच्या वाटेला एकच चढ आहे.

माळशिरसपर्यंत ऊन सुसह्य, तिथून वेळापूर मात्र अंगावर आलं, समोरून गरम वारा, पायडल मारलं तरी पुढे गेल्यासारखं वाटेना. दहाला वेळापूर. ठरल्याप्रमाणे तिथे संध्याकाळपर्यंत थांबलो. अर्धनारीनटेश्वराच्या देवळात दगडी मंडपात इतका गारवा होता की दोघी भिंतीला टेकून झोपूनच गेल्या. शेवटचे तीसेक किलोमीटर पाचनंतर निघालो. सुरुवातीला वाटत होतं की दुपारीच रेटून जाऊ, पोचूनच विश्रांती, हा मोह सगळ्यांना होतो. पण दुपारचे ते सात तास हाच आमच्या प्लॅनचा कणा होता. भंडीशेगाव, वाखरी करत आठच्या आत पंढरपूर. मुखदर्शन घेतलं, जेवलो, सायकली पिकअपमध्ये चढवल्या (पायडल काढून, मधे गोधड्या घालून) आणि रात्रीच परत निघालो.

 देणगी शेवटी १,५७,३०० जमली. सत्तावीस सायकलींचे १,५१,२०० गेले, उरलेल्यात शाळेत ठेवायला पंप, पंक्चरचं सामान आणि पाने (स्पॅनर) घेतले. सायकली जूनमध्ये शाळा उघडल्यावर वाटल्या. बिलांच्या प्रती, दुकानाची पावती आणि सायकलींच्या फ्रेम नंबरांची यादी आम्ही सगळ्या देणगीदारांना पाठवली, मुलींचे फोटो मात्र पाठवले नाहीत, सरांनी आणि पालकांनी नको म्हटलं होतं आणि ते बरोबरच आहे.

सरांचा मागच्या महिन्यात फोन होता. यंदा आणखी एकोणीस मुली आहेत यादीत. आम्ही परत एप्रिलअखेरच जातोय, ठराव आणि पत्र या वेळी जानेवारीतच घेतलंय, आणि ती बोलकी मैत्रीण पाडव्यापासून सगळ्यांच्या आधी उन्हात उतरते. ज्यांना पोलिसांच्या पत्राचा नमुना किंवा पंपांची यादी हवी असेल त्यांनी कळवा, पाठवते.